मूल्यमापन: गुण तालुक्याला पोहोचतात, चूक कुठे जाते?

बालाघाटचे_गुरुजी

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी आणि चौथीचा जोडवर्ग शिकवतो. नोकरीला बरीच वर्षे झाली. या काळात मूल्यमापनाची पद्धत, त्याची कागदपत्रे आणि ती भरण्याची साधने इतक्या वेळा बदलली की, या सगळ्या उलाढालीत मुलाच्या हाती नेमके काय पडते, याचा एकदा सावकाश विचार करावा असे वाटले. येथे शिक्षक आहेत, पालक आहेत आणि संगणक क्षेत्रातील मंडळीही आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

तिसरीच्या मुलांना ५०३ मधून २७८ वजा करायला सांगितले, की बरोबर उत्तर २२५ येते. गंमत अशी की चुकीची उत्तरेही ठरावीकच येतात. काही मुले ३७५ लिहितात. वरचा अंक कोणता, खालचा कोणता, हे न पाहता त्यांनी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढलेला असतो: आठातून तीन गेले, राहिले पाच, सातातून शून्य गेले, राहिले सात, पाचातून दोन गेले, राहिले तीन. काही मुले २३५ लिहितात. हातचा घ्यायचा असतो हे या मुलांना ठाऊक असते. दशकाच्या घरात शून्य आहे म्हणून ती शतकाकडे जातात, एक शतक सुटे करून दहा दशक आणतात, त्यातला एक दशक एककाला देतात. पण आता दशकाच्या घरात नऊच उरले, ही शेवटची गोष्ट त्यांच्या हातून निसटते. पहिल्या मुलाला काड्यांचे गठ्ठे सोडून वजाबाकी अगदी मुळापासून दाखवावी लागते. दुसऱ्याला मात्र एवढेच विचारावे लागते की, ‘दहातला एक देऊन टाकलास, मग तुझ्याकडे किती राहिले?’ बहुतेक वेळा ते मूल पुढचे काही ऐकून न घेता स्वतःच खोडरबर शोधू लागते.

गुणांच्या तक्त्यात या दोघांपुढे शून्यच असते. ज्याने उदाहरणाला हातच लावला नाही, त्याच्यापुढेही तेच शून्य. नियतकालिक चाचणी झाली की उत्तरपत्रिका आम्ही तपासतो आणि मोबाइलवरून शिक्षण विभागाच्या चॅटबॉटवर गुण भरतो. ते एकूण असोत वा प्रश्ननिहाय, रात्रीपर्यंत तालुक्याला आणि जिल्ह्याला कोणत्या शाळेची टक्केवारी किती, याचे रंगीत तक्ते दिसू लागतात. पूर्वी हीच माहिती कागदावरून केंद्रात, केंद्रातून पंचायत समितीत आणि तिथून पुढे जायला महिना लागत असे. वेग वाढला हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र वेग वाढला तो एकाच दिशेने. खालून वर जाणारा रस्ता रुंद झाला आणि वरून खाली, म्हणजे मुलापर्यंत, काहीतरी परत येण्याची पायवाट होती तशीच राहिली. शाळेच्या नावापुढे लाल रंग दिसला म्हणून विचारणा होते. पण ३७५ लिहिणाऱ्या मुलाचे काय करायचे, हे कोणत्याही तक्त्यात नसते, कारण ३७५ हा आकडा वर गेलेलाच नसतो.

हे मूळ धोरणात नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने मुलाच्या आकलनाचे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन अपेक्षिले. त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने आपल्याकडे आकारिक (शिकत असताना चालणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) असे मूल्यमापनाचे दोन भाग आले. पहिली-दुसरीला आकारिकला ७० आणि संकलितला ३० टक्के भारांश, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, सातवी-आठवीला ४० आणि ६०. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी तंत्रे दिली गेली. विचार असा होता की, मूल शिकत असतानाच शिक्षकाने पाहावे, टिपावे आणि त्याप्रमाणे शिकवणे बदलावे. लहान वर्गांत निम्म्याहून अधिक भार याच पाहण्याला दिला होता, ही गोष्ट मला आजही त्या निर्णयातील सर्वांत शहाणपणाची वाटते.

प्रत्यक्षात काय झाले, ते शिक्षकांना सांगायला नको. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी आता तयार मिळतात. प्रत्येक विषयाची, विशेष प्रगतीची, आवड-छंदाची आणि ‘सुधारणा आवश्यक’ची वाक्ये असलेली फाइल एका गटातून दुसऱ्या गटात फिरत असते आणि सत्राच्या शेवटी ती वाक्ये नावांपुढे चिकटवली जातात. मुलीच्या नावापुढे ‘उदाहरणे अचूक सोडवतो’ असे राहून गेले, की ती नोंद कुठून आली ते कळते. यात शिक्षकाचा आळस किती आणि त्याच्यापुढील कामांचा ढीग किती, यावर वाद घालता येईल. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, ती नोंद कोणी वाचणारच नाही याची लिहिणाऱ्याला खात्री असते. वाचक नसलेले लिखाण असेच होणार. एक्सेलच्या तयार निकालपत्रकात आकारिकचे एकूण गुण टाकले की ते तंत्रांमध्ये आपोआप विभागून मिळतात, म्हणजे निरीक्षण आधी आणि गुण नंतर हा क्रमसुद्धा आता उलटा झाला आहे.

रूथ बटलर या संशोधिकेने इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ कामाविषयीचा शेरा दिला, तर काहींना दोन्ही दिले. केवळ शेरा मिळालेल्या मुलांचे पुढचे काम सुधारले आणि त्यांची गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्या मुलांची स्थिती मात्र केवळ गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. म्हणजे गुण दिसले की मूल शेरा वाचतच नाही. वर्गात वह्या परत देताना हे कोणालाही दिसेल: वही उघडली जाते, आकडा पाहिला जातो, शेजारच्याचा आकडा पाहिला जातो आणि वही बंद होते.

आणखी एक गोष्ट. आमच्या शाळेत दरवर्षी मुलांचा आनंदबाजार भरतो. मुले घरून मेथी, कोथिंबीर, बोरे, भेळ आणून विकतात. दोन जुड्या पंधरा रुपयांना, असा भाव लावून बसलेल्या चौथीच्या एका मुलीला मी पाच जुड्यांचे किती, असे विचारले. तिने क्षणभरही न थांबता सांगितले, ‘चारीचे तीस आणि एकीचे आठ, अडतीस द्या गुरुजी.’ हेच उदाहरण पेपरात असते तर उत्तर साडेसदतीस येते आणि अडतीसला शून्य मिळाले असते. सुट्या पैशांचा व्यवहार कोणी करत नाही, अर्धा रुपया वर धरायचा आणि तोही विकणाऱ्याच्या बाजूने, इतके सगळे त्या एका उत्तरात होते. त्याच मुलीला फळ्यावर शाब्दिक उदाहरण दिले की ती गुणायचे की भागायचे, हे माझ्या चेहऱ्यावर शोधते.

अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर केलेले संशोधन २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. भाव-वजनाचे गुंतागुंतीचे हिशेब ही मुले तोंडी करतात, मात्र तीच गणिते शाळेच्या मांडणीत दिली की अडतात. आणि केवळ शाळेत जाणारी मुले पुस्तकी उदाहरणे करतात, पण बाजारातल्या हिशेबात चाचपडतात, असे त्यांना आढळले. ब्राझीलमध्ये १९८५ मध्येच असे निरीक्षण नोंदवले गेले होते. आपल्या कोणत्या साधनात, कोणत्या रकान्यात, त्या मुलीच्या अडतीसला जागा आहे?

आपापले अनुभव लिहावेत. असहमतीचे विशेष स्वागत आहे.

मनवा_आई

गुरुजी, धागा आवडला. मी पुण्यात राहते, मुलगा सहावीत एका खासगी शाळेत आहे. पालकाच्या बाजूने लिहिते.

शाळेचे ॲप आहे. त्याच्या घटक चाचणीचे गुण मला कचेरीत असतानाच फोनवर दिसतात, म्हणजे बरेचदा त्याच्याही आधी. तो बसमधून उतरतो तेव्हा मला त्याचे गुण ठाऊक असतात आणि त्याला ते माहीत असते. पूर्वी मूल प्रगतीपुस्तक दप्तरात ठेवून घरी येईपर्यंत त्याला स्वतःशी विचार करायला, कसे सांगायचे ते ठरवायला जो वेळ मिळत असे, तो आता उरलेला नाही. आमच्या घरात त्या दिवशीचा पहिला प्रश्न ‘डबा खाल्लास का?’ हा असायचा, तो आता ‘विज्ञानात तेराच कसे?’ हा झाला आहे, आणि हे बदलायला मला जाणीवपूर्वक प्रयत्न करावे लागतात.

उत्तरपत्रिका मात्र घरी येत नाही. ती शाळेत दाखवतात आणि परत घेतात. तेरा कसे, याचे उत्तर मला वर्गाच्या सरासरीच्या आलेखात मिळते. तो कुठे अडला हे मिळत नाही. पालकांच्या गटावर तर एकदा संपूर्ण वर्गाच्या गुणांच्या यादीचे छायाचित्रच कोणीतरी टाकले होते. मुलांची नावे आणि गुण अशा रीतीने फिरवू नयेत, एवढे म्हटल्यावर ‘त्यात लपवण्यासारखे काय आहे?’ असे उत्तर आले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल मानला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मुद्दा आहे. पण कायद्याच्या आधी साधी समज असायला हवी होती.

अर्धविराम

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. गुरुजींचा मुद्दा मला विदेच्या रचनेचा वाटतो. प्रत्येक प्रश्नापुढे ०, १, २ असे गुण भरण्याऐवजी ‘हातचा घेतला नाही’, ‘शून्य ओलांडताना चूक’, ‘प्रश्न सोडवला नाही’ असे चार-पाच पर्याय दिले, तर तेवढ्याच वेळात बरीच अधिक माहिती मिळेल. आता तर मुलाच्या पाटीचे किंवा वहीचे छायाचित्र काढून हस्ताक्षर वाचणारी आणि चुकीचा प्रकार सुचवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने येत आहेत. मग शिक्षकाला भरायचेही काम राहणार नाही. यात अडचण काय आहे?

बालाघाटचे_गुरुजी

मनवाताई, प्रगतीपुस्तक घरी पोहोचेपर्यंतच्या वेळेबद्दल आपण जे लिहिले, ते माझ्या लक्षात आले नव्हते. आमच्याकडे परिस्थिती वेगळी आहे. अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर रानात किंवा कामावर जातो. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात चौदा ते सोळा वर्षांच्या जवळपास नव्वद टक्के मुलांनी घरी स्मार्टफोन असल्याचे सांगितले आहे. घरात फोन असणे आणि तो संध्याकाळी मुलाच्या हाती असणे, यांत मात्र फरक पडतो.

अर्धविराम, आपली पर्यायांची सूचना मला मनापासून आवडली, कारण ती खरोखर करता येण्यासारखी आहे. प्राथमिक गणितातील चुकांचे प्रकार अगणित नसतात. माझी शंका वेगळी आहे. ही माहिती भरल्यावर ती आधी कोणाला दिसणार? आजवर जे जे आमच्याकडून भरून घेतले गेले, त्याचा पहिला वाचक वरचा अधिकारी होता. चुकीचे प्रकार भरून ‘हातचा न घेणारी शाळा’ अशी यादी तालुक्याच्या बैठकीत लागणार असेल, तर पुढच्या वेळी एकाही मुलाची हातच्याची चूक होणार नाही, एवढी खात्री मी आजच देतो. शिक्षकाला ज्या माहितीवरून जाब विचारला जातो, ती माहिती हळूहळू निर्दोष होत जाते.

छायाचित्राबद्दल सांगायचे तर, ३७५ का आले हे ओळखायला मला यंत्र लागत नाही, ते एका नजरेत दिसते. मला लागतात ती त्या मुलाशेजारी बसायची पाच मिनिटे. दोन इयत्ता समोर आहेत, पोषण आहाराची नोंद आहे, उपस्थिती ॲपवर भरायची आहे आणि रेंजसाठी शाळेच्या मागच्या टेकाडावर जायचे आहे. यंत्राने माझ्याऐवजी उपस्थिती, आहार आणि आधारच्या दुरुस्त्या भराव्यात, वही मी पाहतो. आज वाटणी नेमकी उलटी चालली आहे.

रेवा_कुलकर्णी_नव्हे

मी नववी-दहावीला मराठी शिकवते. दोन गोष्टी लिहायच्या आहेत आणि दोन्ही गुरुजींच्या मुद्द्याला थोड्या आडव्या जातात.

पहिली अंतर्गत गुणांची. शिक्षकाने जवळून पाहून दिलेले गुण, ही कल्पना ऐकायला सुंदर आहे. दहावीला भाषा विषयांचे २० गुण शाळेच्या हातात असतात. २०१८-१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे अंतर्गत गुण काढून टाकले आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पालकांचा रोष झाला, अकरावीच्या प्रवेशात इतर मंडळांच्या मुलांपुढे आपली मुले मागे पडतील अशी भीती व्यक्त झाली आणि गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले, हे खरे आहे, पण एवढी उडी एका भूगोलाने मारली नाही. २०२१ ला परीक्षाच झाली नाही, नववीच्या निकालाचे ५० आणि दहावीच्या वर्षभरातील कामाचे ५० असे गुण धरले आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. या आकड्यांचा अर्थ मुले एकदम हुशार झाली असा कोणीही लावणार नाही. तोंडी परीक्षेत वीसपैकी अठरा द्यायचेच, असे ठरलेले असते. कमी दिले तर मुख्याध्यापक बोलावतात, कारण शेजारच्या शाळेने एकोणीस दिलेले असतात. तेव्हा शिक्षकाच्या निरीक्षणावर भार टाकताना, त्या निरीक्षणाचे गुणांत रूपांतर झाले की ते बाजारात उतरते, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट निबंधाची. पूर्वी मुले मार्गदर्शकातील निबंध पाठ करून उतरवत आणि ‘मी पाहिलेला सूर्यास्त’ सगळ्या वर्गाने एकाच किनाऱ्यावरून पाहिलेला असे. आता गृहपाठ चॅटजीपीटीकडून येतो. तीन परिच्छेद, प्रत्येक परिच्छेद सारख्या लांबीचा, शेवटी ‘समतोल साधणे ही काळाची गरज आहे’. व्याकरणाची एकही चूक नाही आणि त्या मुलाचे एकही वाक्य नाही. काही सहकारी असे लिखाण ओळखणारी साधने वापरतात. माझा त्यांवर विश्वास नाही. ओपनएआयने स्वतःचे असे साधन अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये बंद केले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे स्वतःचे निबंधही अशी साधने यंत्राचे म्हणून दाखवतात, असे स्टॅनफर्डमधील संशोधकांना त्याच वर्षी आढळले. एखाद्या मुलावर यंत्राच्या भरवशावर चोरीचा आळ घेणे मला जमणार नाही.

मी काय करते, ते सांगते. निबंध घरून आणायला हरकत नाही, पण वर्गात त्याच निबंधातील कोणतेही एक वाक्य मी निवडते आणि ‘हे तुझ्या गावात कसे दिसते, चार ओळी लिही’ असे सांगते. परवा एकाने ‘आधुनिक युगात जलसंवर्धन अत्यावश्यक आहे’ असे आणले होते. वर्गात त्याने लिहिले की, त्यांच्या वाडीत टँकर आला की आजी आधी देवाचा तांब्या भरते आणि मग भांडणाला उभी राहते. गुण कशाला द्यायचे ते मला त्या ओळीने सांगितले. मात्र त्या ओळीत शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या आणि ठरलेल्या निकषांप्रमाणे तपासले तर यंत्राच्या निबंधालाच अधिक गुण पडतात. आपले निकष असे का आहेत की कोणाचेही नसलेले लिखाण त्यांत सर्वोत्तम ठरते, हा प्रश्न चॅटजीपीटीच्या आधीचाही आहे.

निवृत्त_केंद्रप्रमुख

गुरुजी आणि बाई, दोघांचेही वाचले. वरच्या अधिकाऱ्यांच्या गटातला मी असल्यामुळे थोडी बाजू मांडणे भाग आहे.

माझ्या केंद्रात पंधराच्या आसपास शाळा होत्या. सामायिक चाचणी नव्हती तेव्हा प्रत्येक शाळेच्या निकालपत्रकात ‘अ’ आणि ‘ब’ श्रेणी भरभरून असत आणि वर्गात जाऊन फळ्यावर चार शब्द लिहिले की निम्मी मुले वाचू शकत नसत. कोणत्या शाळेत आधी जायचे हे कळण्यासाठी मला बाहेरून आलेला आकडा हवाच होता. २००५ पासून ‘असर’ची पाहणी सुरू झाली, तेव्हा आमच्यातील अनेकांना तिचा राग आला होता; पण पाचवीतल्या मुलाला दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो का, हा तिचा प्रश्न इतका साधा होता की त्यावर रागावून फार दिवस काढता आले नाहीत. तिची पद्धतही पाहण्यासारखी आहे. एक माणूस, एक मूल, समोर अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट असलेला एक कागद. आणि हे सगळे घराच्या अंगणात, आईच्या देखत. गुरुजी ज्याला शेजारी बसणे म्हणतात, त्याच्या हे जवळ जाते आणि त्यातून आकडाही मिळतो. तेव्हा आकडा विरुद्ध मूल अशी विभागणी मला मान्य नाही. ताप मोजून आकडा तालुक्याला कळवला आणि औषध द्यायचे राहिले, तर दोष तापमापीला देता येत नाही.

गुरुजींच्या जाब विचारण्याच्या मुद्द्याला मात्र इतिहासाचा आधार आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात निकालावर अनुदान देण्याची पद्धत होती. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर, यायचे, मुलांची परीक्षा घ्यायचे आणि किती मुले कशात उतरली त्यावर शाळेचे पैसे ठरायचे. परिणाम व्हायचा तोच झाला. दिपोटी काय विचारतात तेवढेच शिकवले जाऊ लागले. आमच्या लहानपणीसुद्धा तपासणीच्या दिवशी हुशार मुले पुढच्या बाकांवर असत.

आनंदबाजाराच्या मुलीवरून आठवले. आमच्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असत. साडेसात पाचे साडेसदतीस हे त्यांना बाजारातही येत असे आणि शाळेतही, कारण दोन्हीकडचे गणित एकच होते. दशमान नाणी आणि मापे आल्यावर ते पाढे गेले. ते परत आणा, असे मी म्हणत नाही. पाठांतराच्या नावाखाली खाल्लेल्या छड्याही मला आठवतात. पण शाळेचे गणित आणि बाजाराचे गणित वेगळे झाले ते केव्हातरी झाले, नेहमीच तसे नव्हते, एवढे नोंदवतो.

समुद्रापलीकडे

आम्ही काही वर्षांपासून सिंगापूरमध्ये आहोत. परीक्षांच्या कडकपणासाठी नावाजलेल्या या देशाने २०१९ पासून पहिली-दुसरीच्या गुण धरल्या जाणाऱ्या परीक्षा बंद केल्या आणि प्रगतीपुस्तकातून वर्गातील क्रमांक काढून टाकला. पुढे सहामाही परीक्षाही टप्प्याटप्प्याने सगळ्या इयत्तांतून गेल्या. सहावीची मोठी परीक्षा मात्र राहिली आणि त्यामुळे खासगी शिकवण्याही राहिल्या. आमच्या इमारतीतील मराठी कुटुंबांत क्रमांक गेल्याचा आनंद एका सत्रापुरता टिकला. नंतर शिकवणीवाल्यांनी स्वतःच क्रमांक लावायला सुरुवात केली.

मनवा_आई

आपल्याकडेही पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा २०२३-२४ पासून परत आली आहे. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, आणि तीही न जमल्यास त्याच वर्गात. शिकवण्यांच्या जाहिराती आमच्या सोसायटीच्या फलकावर त्याच वर्षी लागल्या. तिसरीच्या मुलांसाठीसुद्धा.

बालाघाटचे_गुरुजी

केंद्रप्रमुख साहेब, तापमापीचा आपला मुद्दा मान्य. बाहेरचा आकडा नको, असे माझे म्हणणे नव्हते. पण माझ्या लिखाणातून तसे वाचता येते, हेही खरे. शाळा निवडण्यासाठी आपल्याला लागणारा आकडा आणि मूल शिकवण्यासाठी मला लागणारी माहिती या दोन वेगळ्या गरजा आहेत. पहिलीसाठी वर्षातून एकदा, काही मुलांची, बाहेरच्या माणसाने घेतलेली चाचणी पुरते. आपण दोन्ही कामे एकाच चाचणीकडून, एकाच शिक्षकाच्या हातून, प्रत्येक मुलासाठी आणि वर्षातून अनेकदा करून घेतो, आणि मग बाईंनी सांगितलेले वीसपैकी अठरा सगळीकडे उगवतात.

बाई, आपल्या चार ओळींच्या युक्तीवरून मला एक विचारायचे आहे. त्या ओळींना आपण गुण देता का? मला वाटते, देऊ नयेत. दिले की पुढच्या वर्षी ‘माझ्या गावात हे कसे दिसते’ याचेही तयार उतारे गटांवर फिरू लागतील.

आमच्याकडील एक गोष्ट सांगायची राहिली. दिवाळीनंतर माझ्या वर्गातील बरीच मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते, काही कारखान्यांच्या तळांवर पोहोचतात आणि कोपींच्या, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपड्यांच्या, जवळच्या शाळेत बसतात. ही मुले पहिल्या सत्राची संकलित चाचणी इथे देतात आणि दुसऱ्या सत्रातली कुठे देतील याचा भरवसा नसतो. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते मुलाबरोबर जाते आणि तिथल्या शिक्षकाला ते मूल कुठवर आले आहे, हे कळावे अशी अपेक्षा आहे. अलीकडे मी त्याला वेगळा एक कागद टाचतो. त्यावर श्रेणी लिहीत नाही. ‘दोन अंकी हातच्याची वजाबाकी येते. मध्ये शून्य आले की अडतो, काड्या दिल्या की सुटते. जोडाक्षरे वाचताना थांबतो, घाई करू नये. हिशेब तोंडी विचारावा, चांगला करतो’, असे चार-पाच वाक्यांत लिहितो. गेल्या हंगामात एका मुलाबरोबर तो कागद परत आला आणि त्याच्या मागच्या बाजूला सांगली जिल्ह्यातील त्या शाळेच्या बाईंनी लिहिले होते की, शून्याची वजाबाकी आता येते, भागाकार सुरू केला आहे, एक अंकीच द्यावा. त्या बाईंना मी ओळखत नाही. त्या कागदाची नोंद कोणत्याही प्रणालीत नाही, पण त्या मुलाला कोणत्या पानापासून शिकवायचे, हे मला मार्चच्या शेवटी दुसऱ्या कशावरूनही कळले नसते.

अर्धविराम, आता आपल्याला काम सांगतो. या कागदासाठी काही करता येईल का? तो भिजतो, हरवतो, आणि दरवेळी परत येतोच असे नाही. मुलाचे नाव आणि चार वाक्ये, शिवाय दुसऱ्या शिक्षकाला त्याखाली लिहिता येईल एवढेच हवे. टक्केवारी नको, तक्ता नको आणि वरच्यांसाठी वेगळा दरवाजा अजिबात नको.

अर्धविराम

करता येईल. नेटशिवाय चालले पाहिजे, हे वरच्या टेकाडावरून कळलेच आहे. मुलाच्या नावाऐवजी कार्डावरच्या क्यूआर कोडनेच काम भागवू, म्हणजे मनवाताईंच्या मुद्द्याचीही काळजी घेतली जाईल. बोलून वाक्ये उतरवण्याची सोय ठेवतो, मराठी टंकलेखनाचा त्रास वाचेल. एक प्रश्न: कार्ड हरवले तर दुसऱ्या शिक्षकाने ती नोंद शोधायची कशी?

बालाघाटचे_गुरुजी

मुकादमाच्या टोळीवरून. कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर गेली, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. तळावरच्या शिक्षकाने टोळीचे गाव विचारून आमच्या शाळेत फोन केला, तरी पुरे. प्रत्येक कोडाची एक प्रत गावच्या शाळेत राहील अशी व्यवस्था ठेवा. व्यक्तिगत निरोपातून चार जुने कागद, नावे झाकून, पाठवतो.

रेवा_कुलकर्णी_नव्हे

गुरुजी, त्या ओळींना गुण देत नाही. वहीत त्या ओळीखाली रेघ मारते. मुलांना आता त्या रेघेचा अर्थ कळतो, आणि पालक अजून विचारायला आलेले नाहीत. अर्धविराम, शब्द बोलून उतरवण्याची सोय करणार असाल तर ती बोलीभाषा किती झेलते ते आधी तपासा. ‘अडतो’चे ‘अडथळा’ झाले तर सांगलीच्या बाई भलतेच काहीतरी शिकवायला घेतील.